मदत हवी आहे: अणुवीज केंद्रातल्या ‘अनियोजित विसर्गा’ची व्याख्या कशी करू?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बारावीच्या मुलांसाठी अणुऊर्जेवर मराठीत टिपण लिहितेय आणि चार दिवस एकाच व्याख्येपाशी अडकलेय.

सुरुवात उजनीपासून केली, मुलांना ते लगेच कळतं. सोलापूरला पाणी पुरवणाऱ्या औज बंधाऱ्यासाठी धरणातून भीमेत पाणी सोडतात तो विसर्ग. किती, केव्हा, सगळं आधी ठरलेलं. पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे येणारी जलवाहिनी वाटेत फुटली तर ती गळती. अणुवीज केंद्रातही पहिला प्रकार नेहमीचाच: चिमणीतून हवेत आणि सांडपाण्यावाटे समुद्रात किंवा जलाशयात थोडे किरणोत्सर्गी पदार्थ मोजून सोडतात. परवानगी अणुऊर्जा नियामक मंडळाची. सामान्य माणसाला त्यातून वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (शरीराला मिळणारं प्रारण मोजायचं एकक) जास्त मात्रा मिळता कामा नये.

म्हणून मी लिहिलं, ‘मर्यादेबाहेर गेलेला विसर्ग म्हणजे अनियोजित विसर्ग.’ उदाहरणं शोधायला बसले आणि हे वाक्य टिकेना.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ च्या अपघातात किरणोत्सर्गी वायू निसटले, ते अनियोजित. पण तिथल्याच अणुभट्टीच्या इमारतीत कोंडलेला सुमारे ४३,००० क्युरी (किरणोत्सर्गी पदार्थ मोजायचं एकक) क्रिप्टॉन-८५ हा किरणोत्सर्गी वायू जून-जुलै १९८० मध्ये रीतसर परवानगीने, मोजत मोजत हवेत सोडला. एवढा मोठा आकडा, तरी नियोजित! याउलट अमेरिकेतच इलिनॉयमधल्या ब्रेडवूड केंद्राला ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) असलेलं पाणी नदीत सोडायची परवानगी होती. तेच पाणी नदीपर्यंत नेणारी वाहिनी झडपांपाशी १९९६ पासून अधूनमधून गळत होती, आणि भूजलात ट्रिटियम असल्याचं २००५ च्या सुमारास उघड झालं. म्हणजे प्रमाणावर काहीच ठरत नाही.

आता माझ्या शंका. गुजरातमधल्या काक्रापार केंद्रात ११ मार्च २०१६ रोजी शीतक नलिकेतून जड पाणी (भट्टी थंड ठेवायला वापरतात ते, ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन असलेलं पाणी) गळलं, ते अणुभट्टीच्या इमारतीत. याला विसर्ग म्हणायचं का? कर्नाटकातल्या कैगा केंद्रात २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी मुद्दाम ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं. मुद्दाम केलेलं अनियोजित कसं? आणि जपानमधल्या फुकुशिमात २०११ च्या अपघातात अणुभट्टीतला दाब उतरवायला झडपा उघडल्या, ते कुठे बसवू?

कुणी या क्षेत्रात काम केलं असेल तर कृपया सांगा. मुलं हीच वाक्यं पाठ करतील, म्हणून चुकीचं लिहायची भीती वाटते.

प्रतिसाद १
मॅडम, मी बरीच वर्षं प्रारण-सुरक्षा विभागात होतो. प्रमाण व्याख्येतून काढलंत ते योग्यच. घटना किती गंभीर हे सांगायला ० ते ७ ची आंतरराष्ट्रीय श्रेणी वेगळी आहे. चेर्नोबिल आणि फुकुशिमा त्यात ७ वर, थ्री माइल ५ वर.

व्याख्येसाठी दोनच गोष्टी बघा. हे सोडायचं आधी ठरलं होतं का? आणि ते ठरलेल्या मार्गाने, मोजमापाखाली गेलं का? एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं तर ते तुमच्या व्याख्येत येतं. ब्रेडवूड दुसऱ्यावर अडकतं. फुकुशिमातल्या झडपा माणसांनी विचार करून उघडल्या, पण नेहमीच्या परवानगीत ते नव्हतं. तो हेतुपुरस्सर, तरीही अनियोजित विसर्ग. काक्रापारला इमारतीत साचलं ती गळती. त्यातलं जे चिमणीवाटे बाहेर गेलं तेवढाच विसर्ग. कैगाला बाहेर काहीच गेलं नाही, कर्मचाऱ्यांच्या शरीरात ट्रिटियम गेलं. ते उदाहरण विसर्गाच्या धड्यात नकोच.

एक विनंती. वर्तमानपत्रांसारखं ‘किरणोत्सर्ग बाहेर पडला’ लिहू नका. बाहेर पडतो तो पदार्थ, किरणोत्सर्ग हा त्याचा गुणधर्म. मुलं इथेच गोंधळतात.

धागाकर्ती
सर, मनापासून आभार. आता असं लिहिलंय: ‘आधी न ठरवता, किंवा परवानगीच्या मार्गाबाहेरून वा मोजमापाविना, किरणोत्सर्गी पदार्थ केंद्राच्या हद्दीबाहेर जाणे.’ ‘हद्दीबाहेर’ ठेवू की ‘पर्यावरणात’?

प्रतिसाद १
‘पर्यावरणात’. हद्द धरलीत तर ब्रेडवूडचं पाणी केंद्राच्याच जमिनीत मुरत होतं तोवर ते व्याख्येत बसणार नाही, आणि शेजारच्या विहिरी तपासायला हव्यात त्या नेमक्या त्याच काळात.