जुन्या घरातलं अर्थिंग खरं आहे की नावापुरतं, हे कसं तपासावं? (नागपूर)

नंदनवन_दुमजली
नंदनवनमधलं जुनं दुमजली घर. बोर्डावर डीपी मेन स्विच (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आणि एमसीबी (शॉर्ट किंवा ओव्हरलोड झाला की पडणारे स्विच) आहेत, आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नाही. लोखंडी कूलरला ओला हात लागला की मुंग्या येतात. डिजिटल मीटरने घेतलेली रीडिंग:

कूलरचा सॉकेट: फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ ११८, न्यूट्रल-अर्थ ९६ व्होल्ट.
स्वयंपाकघरातला १६ अँपिअरचा सॉकेट, फ्रिज यावरच: फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २३१, न्यूट्रल-अर्थ ०.०.

दुसरं रीडिंग चांगलं समजायचं का? बल्ब लावून तपासावं का? आणि नवीन अर्थिंग करायचं झालं तर आपल्याकडच्या मातीत कोणतं? अनुभवी लोकांनी सांगावं.

महाल_वायरमन
भाऊ, आधी कूलरचा प्लग काढा, मग पुढचं वाचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या बोर्डांत बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं, म्हणजे बटण बंद असूनही मोटरपर्यंत फेज पोचलेला असतो.

११८ आणि ९६ म्हणजे त्या सॉकेटची अर्थ वायर कुठेतरी तुटली आहे किंवा कशालाच जोडलेली नाही. लोंबकळणाऱ्या वायरवर मीटर असंच मधलं काहीतरी दाखवतं. मुंग्या येतात त्या कूलरच्या मोटर-पंपातून गळणारा करंट जमिनीत जाऊ शकत नाही म्हणून.

मात्र तुमचं दुसरं रीडिंग मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतं. खऱ्या अर्थिंगमध्ये घरात थोडा लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये एक ते तीन व्होल्ट दिसतात. फ्रिज चालू असतानाही ठाम ०.० आलं, तर सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला वायरचा तुकडा मारलेला असण्याची शक्यता मोठी. मीटर खूश होतं, तीन दिव्यांचा प्लग-टेस्टरही ‘सर्व ठीक’ दाखवतो. पण उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटला तर फ्रिजच्या पत्र्यावर पूर्ण २३० येतं. खांबावर किंवा मीटरपाशी काम करताना फेज-न्यूट्रल उलटे लागले तरी तेच. अर्थिंग नसलेला फ्रिज धोक्याचाच, पण तुकडा मारलेला त्याहून धोक्याचा.

सक्करदरा_इलेक्ट्रिक
फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब लावा. फुल पेटला तर अर्थिंग ओके. सगळे असंच करून राहिले.

अर्थपिट
सक्करदरा भाऊ, हा सल्ला घरच्या माणसाला देऊ नका. त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली जिवाची. अर्थ वायर आत कुठे तुटलेली असेल, तर बल्ब लावल्याबरोबर त्या वायरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या बॉडीवर फेज जातो. १०० वॅटच्या बल्बचा रोध तापल्यावर साधारण ५३० ओहम. त्या क्षणी शेजारच्या खोलीत कुणी वॉशिंग मशीनला हात लावला तर बल्ब मध्ये असूनही जीव जाण्याइतका करंट अंगातून जातो.

दुसरी अशी की बल्बने काही सिद्धच होत नाही. तो घेतो जेमतेम ०.४३ अँपिअर. अर्थिंगचा रोध ५० ओहम असला तरी तिथे २०-२२ व्होल्टच पडतात आणि बल्ब छान पेटतो. पण ५० ओहमवर फेज बॉडीला चिकटला तर करंट येईल ४.६ अँपिअर, आणि १६ चा एमसीबी तो करंट दिवसभर सोसत राहील. ५ ओहमचं चांगलं अर्थिंग असलं तरी ४६ अँपिअर येतात. सी प्रकारचा १६ चा एमसीबी लगेच पडायला किमान ८० लागतात, नाहीतर तो तापून उशिरा पडतो. एवढ्या वेळात कुणी पत्र्याला हात लावला तर संपलं.

म्हणून ज्या घराचं अर्थिंग स्वतःच्या खड्ड्यावर (जमिनीत पुरलेल्या पाइपवर) आहे, तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हाच खरा रक्षक. त्याला पडायला ०.०३ अँपिअर पुरतात. खड्डा १०० ओहमचा असला तरी बॉडीवर तीनच व्होल्ट चढतात तोवर तो पडलेला असतो.

नंदनवन_दुमजली
पटलं, बल्ब नको. न्यूट्रलचा तुकडा आहे की नाही, हे बोर्ड न उघडता कळेल का?

महाल_वायरमन
कळतं. त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटला १००० वॅटची इस्त्री लावा आणि १६ च्या सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजा. दीड चौरस मिमीच्या वीस मीटर वायरचा रोध पाव ओहमच्या आसपास असतो. इस्त्रीचे सव्वाचार अँपिअर त्यातून गेले की न्यूट्रलवर एक व्होल्टभर पडायलाच हवेत. इस्त्री तापते आहे आणि मीटर ०.० वरून हलत नाही, तर तुकडा तिथेच आहे.

याच्या पुढचं काम वीज बंद करूनच, आणि परवानाधारक वायरमनकडून. तो काय करतोय ते तुम्हाला समजावं म्हणून क्रम देतो. मेन डीपी बंद, कारण फेज-न्यूट्रल दोन्ही सुटायला हवेत. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद आणि त्याच्या आउटपुटचा प्लग बाहेर. हे बरेच जण विसरतात, मेन बंद असतानाही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर २३० असतं. मग घरातले सगळे प्लग काढायचे. मीटर आधी चालू सॉकेटवर तपासायचं, मग बंद केलेल्यावर, मग परत चालूवर (शेजारच्या घरातला सॉकेट चालेल). ‘वीज नाही’ असं म्हणणारं मीटर स्वतःच बिघडलेलं नसावं, म्हणून एवढा खटाटोप. त्यानंतर मीटर २०० ओहमवर ठेवून न्यूट्रल-अर्थ मोजायचं. शून्याजवळ आलं तर कुठेतरी दोन्ही जोडलेले आहेत. प्रत्येक सॉकेटवर मोजत जा, आकडा जिथे सर्वांत कमी तिथला बोर्ड आधी उघडा.

तुटलेली अर्थ वायर शोधायला लांब वायरचं एक टोक मेन बोर्डच्या अर्थ बोल्टला जोडून दुसऱ्या टोकाने प्रत्येक सॉकेटच्या मोठ्या (अर्थच्या) भोकापर्यंत रोध मोजायचा. लांब वायरचा रोध वजा करून एक ओहमच्या आत यायला हवं.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली नाही ना, हे व्होल्टेज मोजण्याआधी दरवेळी पाहा. तशीच सॉकेटमध्ये घातली तर थेट शॉर्ट होतो, हातात स्फोट.

मनीषनगर_फ्लॅट
चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काय पाहायचं?

अर्थपिट
मीटर रूममध्ये अर्थची सामाईक पट्टी असते. तुमच्या मीटरपासून वर येणाऱ्या वायरींमध्ये हिरवी वायर आहे का आणि ती त्या पट्टीला बोल्टने घट्ट आहे का, ते पाहून घ्या. हात लावू नका, सोसायटीच्या वायरमनला सोबत न्या. बाकी तपासणी तीच.

मुरूम_आणि_काळी
मातीबद्दल. नंदनवनकडे काळी माती लागली तर ओली असताना ती फार चांगली वाहक असते. पण नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) येईपर्यंत ती भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. म्हणून रोध मे महिन्यात मोजा. ऑगस्टमधल्या सुंदर आकड्यावर विसंबू नका, कूलर ऑगस्टमध्ये चालत नाही.

४० मिमीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, लांबी किमान अडीच मीटर, भिंतीपासून दीड मीटर तरी दूर. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकामध्येही साधारण हीच मापं आहेत. ओल्या काळ्या मातीत असा एक पाइप तीन-चार ओहम देतो. सेमिनरी हिल्सकडे मुरूम आणि काळा दगड लागतो, तिथे तोच पाइप शंभर ओहमही दाखवू शकतो. अशा जागी बोअर मारून भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरतात, किंवा पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर दुसरा पाइप टाकून दोन्ही जोडतात.

मीठ-कोळसा स्वस्त पडतो आणि सुरुवातीला आकडाही देतो. पण मीठ पावसाबरोबर वाहून जातं आणि जाता जाता जीआय पाइप खातं. मी तरी बेंटोनाइटच म्हणेन. वर झाकणाचा चेंबर हवाच, फरशीखाली गाडलेला खड्डा पुन्हा कुणी तपासत नाही. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घाला.

मोजताना अर्थ मेगर (अर्थिंगचा रोध मोजणारं मीटर) आणि दोन खुंट्या वापरणारा माणूस बोलवा. लांबची खुंटी २५ मीटरवर, मधली साधारण साडेपंधरावर. मधली थोडी पुढे-मागे सरकवूनही आकडा तोच राहिला तर तो खरा. खड्ड्याची वायर सोडवण्याआधी घराचा मेन बंद हवा, नाहीतर सुटलेल्या टोकावर घरातली सगळी गळती येते. एकच खड्डा असेल तर वायरीभोवती नुसता क्लॅम्प मीटर अडकवून मिळालेला आकडा धरू नका. त्या मीटरला करंट फिरायला बंद वळसा लागतो, तो इथे नसतो.

नंदनवन_दुमजली
इस्त्री लावून पाहिली, ०.० हलत नाही. म्हणजे तुकडा आहेच. वायरमन उद्या येतोय, खड्ड्याला मात्र आठवडा लागेल. तुकडा आधी काढू की खड्डा होईपर्यंत राहू देऊ?

अर्थपिट
उद्याच काढा, पण त्याच फेरीत आरसीसीबी बसवून घ्या: दोन पोल, ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर, मेन स्विचनंतर. एमसीबी आहेत तसे राहतील, कारण आरसीसीबी शॉर्ट किंवा ओव्हरलोड बघत नाही. बसवल्यावर तो सारखा पडू लागला तर त्याला शिव्या देऊन काढू नका. आणखी एखादा तुकडा राहिला असेल, किंवा इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल बाकीच्यांत मिसळला असेल. इन्व्हर्टरचा आउटपुट या आरसीसीबीच्या कक्षेत येत नाही, त्याला वेगळा लागतो. आरसीसीबीवरचं ‘टी’ (टेस्ट) बटण महिन्यातून एकदा दाबा. त्याने आरसीसीबी पडतो की नाही एवढंच कळतं, खड्ड्याबद्दल काहीच नाही.

महाल_वायरमन
कूलरला दोन तारांची वायर असेल तर ती बदलून तीन तारांची घ्या. बॉडीचा रंग खरवडून रिंग लग आणि दातेरी वॉशर लावून हिरवी तार बोल्टने घट्ट करा. पंपाची वायर पाण्यात राहून कडक होते, तडा दिसला तर पट्टी न लावता पंपच बदला. खड्डा होऊन मेगरचा आकडा हातात येईपर्यंत कूलर बंदच ठेवा, आणि नंतरही पाणी भरताना प्लग बाहेर.