पेटी ठेवण्याआधी : फूड बँकेच्या मदतीबाबत सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या परिसरातील फूड बँकेसाठी सोसायटीने काही करावे, अशी सूचना समितीच्या मागील बैठकीत आली होती. प्रवेशद्वाराजवळ पेटी ठेवावी आणि ज्याला जे द्यावेसे वाटेल ते त्याने तीत टाकावे, असा प्राथमिक विचार आहे. आपली मते येथेच कळवावीत. सुप्रभातचे संदेश कृपया आजच्यापुरते बाजूला ठेवावेत.

अ विंग : कल्पना उत्तम आहे. घरी कार्यक्रम झाला की शिजवलेले अन्न उरतेच. तेही देता येईल का? शिवाय कपाटात मुदत नुकतीच संपलेली काही बंद पाकिटे आहेत.

ब विंग : मी फूड बँकेच्या गोदामात वस्तूंची वर्गवारी करण्यासाठी नियमित जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. बहुतेक फूड बँका लोकांना थेट जेवण वाढत नाहीत. त्या अन्न गोळा करतात, तपासतात, साठवतात आणि वस्तीत काम करणाऱ्या लहान संस्थांना पुरवतात. १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी अमेरिकेतील फिनिक्स शहरात पहिली फूड बँक सुरू केली, तेव्हापासून कल्पना हीच आहे की ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जमा करावे आणि ज्याला गरज आहे त्याला काढता यावे. त्यामुळे जमा होणारी वस्तू काही आठवडे टिकणारी आणि कोणाच्याही घरी निर्धास्तपणे देता येण्याजोगी असायला हवी.

शिजवलेले अन्न या व्यवस्थेत सहसा बसत नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि तयार अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिले तर ते देऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या कार्यक्रमातील पातेली पाहुणे निघेपर्यंत किती वेळ उघडी असतात, हे आपण सर्वच जाणतो. असे अन्न त्वरित नेऊन लगेच वाटणाऱ्या संस्था वेगळ्या असतात. त्यांना कार्यक्रमानंतर नव्हे, आधी कळवावे लागते.

मुदतीबाबत वेष्टनावरील मजकूर नीट वाचावा. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही सूचना चव आणि दर्जाविषयी असते, तर ‘या तारखेपर्यंत वापरावे’ ही सुरक्षिततेविषयी. पहिल्या प्रकारातील काही वस्तू काही फूड बँका तारखेनंतरही स्वीकारतात. दुसऱ्या प्रकारातील मुदत उलटलेली एकही वस्तू घेता येत नाही. फुगलेले किंवा शिवणीवर खोल चेपलेले डबे कोणालाच देऊ नयेत, कारण त्यात अन्नविषबाधेचा गंभीर धोका असतो. मोठे पाकीट फोडून घरच्या पिशव्यांत भरलेल्या वस्तूही बाजूला काढाव्या लागतात. त्यात कोणते घटक आहेत हे कळत नाही आणि एखाद्याला त्यातील काही वर्ज्य असू शकते. स्पष्टच लिहायचे तर, स्वतःच्या घरी जे वापरायला आपण कचरतो ते दान म्हणून आले की ते फेकण्याचे काम तेवढे गोदामातील माणसांवर पडते.

क विंग : संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांमधून गेले. मग घरगुती अन्न नाकारणे विसंगत वाटत नाही का?

ब विंग : दादा, आकडा बरोबर आहे, परंतु घरातील नासाडीवर उपाय बेताची खरेदी आणि बेताचा स्वयंपाक हाच आहे. फूड बँकेला उपयोगी पडेल असा साठा दुकाने, घाऊक व्यापारी आणि कारखाने यांच्याकडे असतो. फ्रान्सने २०१६ च्या कायद्याने चारशे चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटांना न विकलेले खाण्याजोगे अन्न नष्ट करण्यास मनाई केली आणि दानासाठी संस्थांशी करार करणे बंधनकारक केले, ते याच कारणाने. आपल्यापैकी जे किरकोळ विक्री, हॉटेल किंवा गोदामाच्या व्यवसायात आहेत त्यांनी आपल्या व्यवस्थापनाशी फूड बँकेची एक भेट घालून दिली, तर ते आपल्या पेटीहून कितीतरी मोठे काम होईल.

खजिनदार : आर्थिक मदतीबाबत माझे मत असे की देखभाल निधीतून रक्कम देऊ नये, तो निधी सभासदांनी इमारतीसाठी दिलेला आहे. ज्यांना इच्छा आहे त्यांनी थेट फूड बँकेच्या खात्यात रक्कम भरून पावती घ्यावी.

ब विंग : पूर्ण सहमत, आणि शक्य असल्यास ती दरमहा द्यावी. फूड बँक घाऊक दराने खरेदी करते, त्यामुळे तेवढ्याच पैशांत आपल्यापेक्षा अधिक वस्तू आणू शकते. शिवाय भाडे, इंधन आणि शीतगृहाचे वीजबिल वस्तुरूप दानातून भागत नाही. दान वर्षातील मोजक्या दिवसांत दाटीने येते आणि नंतर फळ्या रिकाम्या राहतात. लहान नियमित रकमेमुळे त्यांना पुढचे नियोजन करता येते. साबण, सॅनिटरी पॅड आणि बाळांचे डायपर यांची मागणी असते, पण ते क्वचितच येतात.

ड विंग, भाडेकरू : एक विनंती आहे. देणाऱ्यांच्या नावांची यादी फलकावर लावू नये आणि वाटपाच्या ठिकाणी छायाचित्रे काढू नयेत. आपल्याच इमारतीतील एखादे कुटुंब तेथून शिधा आणत असण्याची शक्यता आहे, आणि ते कोणालाही कळण्याचे कारण नाही.

अ विंग : ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. मला गाडी चालवता येते. वस्तू पोहोचवण्याचे काम मी घेतो.

सचिव : सर्वांचे आभार. पेटी तूर्त ठेवत नाही. ब विंगमधील ताईंनी या महिन्यात कोणत्या वस्तू हव्या आहेत आणि त्या कोणत्या वारी स्वीकारल्या जातात, हे फूड बँकेला विचारून येथे कळवावे. यादी आल्यावर त्याच वस्तूंसाठी पेटी आठवडाभर ठेवली जाईल आणि पोहोचवण्यापूर्वी दोन सभासद तारखा तपासतील. नावे व छायाचित्रांबाबतची विनंती समितीतर्फे मान्य आहे. तारखा तपासण्यासाठी किंवा गोदामातील कामासाठी वेळ देऊ शकणाऱ्यांनी रविवारपर्यंत मला वैयक्तिक संदेश पाठवावा.