कार्बन डायऑक्साइड : प्रदूषण की झाडांचा खुराक? (कॅन्ससच्या एका जुन्या जाहिरातीवरून)

विचिटाकर

जुन्या फायली चाळताना नोव्हेंबर 2007 मधलं एका जाहिरातीचं कात्रण सापडलं. रशियाचे पुतिन, व्हेनेझुएलाचे ह्युगो चावेझ आणि इराणचे अहमदिनेजाद असे तीन हसरे चेहरे, आणि सोबत प्रश्न, ही मंडळी का हसताहेत? उत्तर असं की अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यानं कोळशाची वीज नाकारली, आता आपल्याला यांच्यासारख्यांच्या गॅसवर जगावं लागणार. तेव्हा मी इथं नवा होतो. चहा घेताना वाचलं आणि मलाही हसू आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सनफ्लॉवर इलेक्ट्रिक या वीज सहकारी संस्थेला पश्चिम कॅन्ससमधल्या होलकम्बला 700 मेगावॅटची दोन युनिटं उभारायची होती. 18 ऑक्टोबर 2007 ला राज्याच्या आरोग्य आणि पर्यावरण खात्याचे सचिव रॉडरिक ब्रेम्बी यांनी परवाना नाकारला. राख, गंधक, पारा यांपैकी कशावरूनही नाही, तर वर्षाला सुमारे 1 कोटी 10 लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल म्हणून. अमेरिकेत या कारणावरून परवाना नाकारल्याची ती पहिलीच वेळ. सहाच महिने आधी सुप्रीम कोर्टानं 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं होतं की हरितगृह वायू हे हवा कायद्याखाली ‘प्रदूषक’ या व्याख्येत बसतात.

आता जाहिरातीची गंमत बघा. पश्चिम कॅन्ससच्या पोटात हुगोटन नावाचं अवाढव्य गॅसक्षेत्र आहे. चावेझकडे जायची गरजच काय? उलट कोळसा येणार होता वायोमिंगहून, रेल्वेनं. वीज बहुतांश जाणार होती कोलोरॅडो आणि टेक्सासला. पाणी मात्र आमच्या ओगालाला भूजलाचं, जे आधीच उपसून खोल गेलंय. कोळसा त्यांचा, वीज तिसऱ्याची, आणि देशभक्ती आमच्या गळ्यात!

माझं म्हणणं एवढंच की कोळसा उद्योग आकड्यावर भांडत नाही, नावावर भांडतो. 1991 मध्ये कोळसा आणि वीज कंपन्यांनी मिळून एक प्रचारमोहीम काढली होती. तिच्या अंतर्गत कागदातलं उद्दिष्टच हे की तापमानवाढ ‘तथ्य’ नव्हे तर ‘सिद्धान्त’ म्हणून लोकांसमोर ठेवायची. तिच्या एका जाहिरातीत तापमानवाढ सांगणाऱ्यांना आपल्या ‘आभाळ पडलं’ म्हणत पळणाऱ्या सशाच्या रांगेत बसवलं होतं (तिकडे सशाच्या जागी कोंबडीचं पिल्लू असतं). पुढे 1998 मध्ये वेस्टर्न फ्युएल्स या कोळसा पुरवणाऱ्या संस्थेनं कार्बन डायऑक्साइडच्या खुराकानं पृथ्वी हिरवीगार होणार हे सांगायला वेगळी सोसायटीच काढली. मग ‘स्वच्छ कोळसा’ आला. नाव बदलतं, धुराडं तेच.

निवृत्त_बॉयलर

जाहिरात बावळट होती, मान्य. पण तुमचा धागा अर्धीच गोष्ट सांगतो.

पस्तीस वर्षं बॉयलरवर काढली आहेत, म्हणून बोलतो. ब्रेम्बींच्या स्वतःच्या खात्यातल्या तज्ज्ञांनी परवाना द्यावा अशी शिफारस केली होती. कॅन्ससमध्ये कार्बन डायऑक्साइडची मर्यादा ठरवणारा एकही नियम तेव्हा नव्हता. म्हणजे विद्यार्थ्यानं पेपर लिहिला, सगळ्या विषयांत पास झाला, आणि मुख्याध्यापक म्हणाले की पुढच्या वर्षी नवा विषय येणार आहे, त्यात तू नापास. एका अधिकाऱ्यानं असं करावं का?

दुसरं, तांत्रिक. राख थांबवायला ईएसपी (विजेच्या भारानं राख ओढून घेणारं यंत्र) असतो. गंधक धुवायला स्क्रबर असतो. पैसे टाका, काम होतं. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो कोळशातली भेसळ नाही, तो म्हणजे जळणंच. तो पकडून जमिनीत गाडता येतो, पण त्या खटाटोपातच वीजघरातली बरीचशी वीज खर्ची पडते. त्यामुळे ‘उत्सर्जनाचं नियमन’ म्हणजे व्यवहारात ‘कोळसा बंद’. तसं सरळ म्हणा. नावाचा खेळ दोन्ही बाजू खेळतात.

त्या 2007 च्या निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधी मतात टोमणा मारला होता, की ही व्याख्या घेतली तर हवेत उडणाऱ्या फ्रिस्बीपासून पोटातल्या वाऱ्यापर्यंत सगळंच प्रदूषक ठरेल. हसण्यावारी नेऊ नका.

तळटीप_हवीच

एक बाळबोध शंका. एक टन कोळसा जाळला की दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो असं वाचलं. टनाचे दोन टन कसे?

निवृत्त_बॉयलर

@तळटीप_हवीच, वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. कार्बनचा अणुभार 12, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार 44. म्हणजे एक किलो कार्बन जळला की 3.67 किलो वायू. वायोमिंगच्या कोळशात निम्म्याच्या आसपास कार्बन, उरलेलं ओल आणि बाकीचं. निम्मं गुणिले 3.67, म्हणजे पावणेदोनच्या वर. चांगल्या दगडी कोळशाला दोनच्या पुढे.

विचिटाकर

बॉयलरसाहेब, परवान्याचा मुद्दा वजनदार आहे, तो मी खोडत नाही. मात्र एक दुरुस्ती. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी आधीच लेखी मत दिलं होतं की सचिवांना असा अधिकार आहे. ते लहर म्हणून उठले आणि नाही म्हणाले असं झालं नाही.

आणि फ्रिस्बीचं म्हणाल तर 1970 च्या हवा कायद्यात ‘जनहितावर परिणाम’ याची जी यादी आहे तिच्यात हवामान हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. तो कोर्टानं आपल्या खिशातून काढलेला नाही. पोटातल्या वाऱ्याचा त्या यादीत उल्लेख नाही, मी पाहिलंय :)

‘जळणंच’ हे मात्र तुम्ही लाखातलं बोललात. हेच वाक्य त्यांच्या जाहिरातीत का नसतं? ‘आमच्या मालाचा हा दोष काढायला गेलं तर माल महाग होतो’ असं छापा की. त्याऐवजी ‘स्वच्छ’.

ज्वारीची_भाकर

मंगळवेढ्याकडचा शेतकरी आहे, अमेरिकेचं राजकारण कळत नाही. पण झाडांच्या खुराकाबद्दल बोलतो.

हा वायू वाढला की झाडं जोमानं वाढतात हे खोटं नाही. गहू, कापूस, सोयाबीन, भात यांना फायदा होतो. पण ज्वारी, मका, ऊस यांची तऱ्हा वेगळी. ही सी-फोर पिकं, पानातच हा वायू गोळा करून दाट करायची सोय घेऊन जन्माला येतात. बाहेर थोडा वाढला तरी त्यांना फार फरक पडत नाही. जेवून उठलेल्याला आणखी वाढल्यासारखं. पाण्याची थोडी बचत होते, बस. आणि ज्या गव्हाला फायदा होतो, त्याच्या दाण्यात प्रथिनं आणि जस्त कमी भरतं. पोतं भरतं, पण कस जातो.

गंमत अशी की अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी पिकते ती याच कॅन्ससमध्ये. बहुतेक जनावरांना घालतात आणि इथेनॉल काढतात म्हणे. भाकरी थापता येत नसेल तर दुसरं काय करणार.

रब्बीला आमची मालदांडी ज्वारी साठलेल्या ओलीवर येते. कणसात दाणा भरताना चार दिवस जादा उकाडा पडला तर काय होतं ते पानाला विचारू नका, आम्हाला विचारा.

निवृत्त_बॉयलर

@ज्वारीची_भाकर, उत्तम प्रतिसाद, शिकायला मिळालं. गव्हाचं मान्य केलंत, तेवढं मला पुरे :)

आता मुख्य मुद्दा. वीजघरांच्या कार्बनवरचा ओबामांचा ‘क्लीन पॉवर प्लॅन’ 2015 मध्ये आला. फेब्रुवारी 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. तो एक दिवसही लागू झाला नाही. 2022 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात कोर्टानं सांगितलं की एवढा मोठा निर्णय काँग्रेसनं (म्हणजे तिथल्या संसदेनं) स्पष्ट अधिकार दिल्याशिवाय घेता येत नाही. म्हणजे मी जे ब्रेम्बींबद्दल म्हणतोय तेच. 2009 मध्ये काँग्रेसकडे विधेयक होतं, प्रतिनिधिगृहात 219 विरुद्ध 212 नं पासही झालं, सिनेटमध्ये अडकलं. लोकप्रतिनिधींना नको असेल तर अधिकाऱ्यानं मागच्या दारानं आणू नये.

आणि नियम नसतानाही कोळसा उतरलाच. शेल खडकातला गॅस स्वस्त झाला, मग वारा, मग सौर. बाजारानं केलं.

विचिटाकर

हाच तर पेच आहे, साहेब! त्या प्लॅनचं लक्ष्य होतं, वीज क्षेत्राचं उत्सर्जन 2030 पर्यंत 2005 च्या तुलनेत सुमारे 32 टक्के घटवणं. ते 2020 च्या आतबाहेरच गाठलं गेलं, नियमाशिवाय. आता आठवा, 2015 मध्ये उद्योग काय ओरडत होता? दिवे जातील, बिलं परवडणार नाहीत, ‘कोळशाविरुद्ध युद्ध’. लक्ष्य दहा वर्षं आधी पुरं झालं आणि दिवे चालू आहेत. बाजारानं केलं असेल तर मग त्या आरोळ्या कशासाठी होत्या?

नोकऱ्यांचंही तेच. 1923 च्या सुमारास अमेरिकेत आठ लाखांवर खाणकामगार होते. 2008 मध्ये कोळशाचं उत्पादन इतिहासातलं सर्वाधिक, आणि कामगार लाखाच्या आत. तोवर कार्बनचा एक केंद्रीय नियम नव्हता. माणसं यंत्रांनी खाल्ली. डोंगराचा माथाच सुरुंगानं उडवला की खाली उतरायला माणूस कशाला हवा?

चांदा_ते_बांदा

वाचत होतो गप, पण आता लिहितोच. मी चंद्रपूर जिल्ह्यातला. वडील खाणीत डंपरवर होते. आमचं घर चाललं ते कोळशावर, माझी फी कोळशावर, हे आधी सांगतो म्हणजे कोणी मला झाडमिठीवाला म्हणू नये.

पीबॉडी या अमेरिकन कंपनीनं 2014 मध्ये एक मोहीम काढली होती, जगातल्या गरिबांना वीज हवी, म्हणून कोळसा हवा. ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं त्यातला ‘स्वच्छ कोळसा’ हा दावा दिशाभूल करणारा ठरवला. 2016 मध्ये कंपनीनं स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. भाऊ, अब्जावधीचा धंदा करणाऱ्याला अचानक आमचा कळवळा का यावा?

आमच्याकडे उन्हाळ्यात आई गच्चीवर कुरडया घालायची. पहाटे घालायची आणि ऊन चढायच्या आत वर जुनी साडी ताणायची, कारण वारा फिरला की राख. साडी काढली की कडेला करडी रेघ उमटलेली असायची, हाताला खसखशीसारखी लागणारी. आणि दुपारी लोडशेडिंग. कोळसा आमच्या अंगणातून जायचा आणि पंखा बंद. गरिबाला वीज मिळते ती तारेनं. नुसत्या कोळशानं मिळत असती तर आमचं गाव मुंबईच्या आधी उजळलं असतं.

पण विचिटाकर, तुम्हालाही एक. तुम्ही तिकडे बसून ‘कोळसा बंद’ म्हणता. वडलांच्या बरोबरीच्यांची पोरं आज ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहेत. खाण बंद झाली की त्यांना कोण विचारतं? त्याचा परवाना कोण देतो?

विचिटाकर

याला माझ्याकडे उत्तर नाही. वेस्ट व्हर्जिनियासारख्या कोळशाच्या राज्यातही ते मिळालेलं दिसत नाही.

निवृत्त_बॉयलर

@चांदा_ते_बांदा, साडीची करडी रेघ ही ईएसपी नीट न चालवल्याची, कार्बन डायऑक्साइडची नव्हे. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. ती रेघ थांबवता येते, आणि ती न थांबवणाऱ्यांनी आमच्या धंद्याचं नाव सगळ्यात जास्त घालवलंय.

तळटीप_हवीच

होलकम्बचं शेवटी काय झालं ते कोणी सांगितलंच नाही.

विचिटाकर

विधिमंडळानं ब्रेम्बींचा निर्णय फिरवायला विधेयकं आणली, गव्हर्नर सिबेलियस व्हेटो करत राहिल्या. त्या 2009 मध्ये वॉशिंग्टनला गेल्या. नव्या गव्हर्नरनी लगेच तडजोड केली, दोनऐवजी 895 मेगावॅटचं एकच युनिट. नोव्हेंबर 2010 मध्ये ब्रेम्बींना पदावरून काढलं, डिसेंबरमध्ये परवाना आला. मग कोर्टकचेऱ्या. 2017 मध्ये परवाना कोर्टात टिकला. आणि 2020 मध्ये सनफ्लॉवरनं प्रकल्पच सोडून दिला.

निवृत्त_बॉयलर

म्हणजे कोर्टात जिंकले आणि हिशेबात हरले. बाजार!

विचिटाकर

किंवा तेरा वर्षं लांबवण्याइतकं काम एका नकारानं केलं. तुम्ही तुमचं वाचा, मी माझं.

दोन वर्षांपूर्वी गार्डन सिटीकडे जाताना तिथून गेलो. 1983 चं जुनं युनिट अजून आहे, बाजूला सपाट शेतं, ज्वारी तांबूस झालेली. फाटकाशी वायोमिंगच्या कोळशाची मालगाडी आडवी आली, इंजिन बंद करून बसलो.

निवृत्त_बॉयलर

वाघिणी किती होत्या?

विचिटाकर

मोजल्या नाहीत.

निवृत्त_बॉयलर

आणि म्हणे उद्योग आकड्यांवर बोलत नाही.