इझुमो आणि कागा: पाणबुड्यांची शिकार करणारी चांगली जहाजं विमानांपायी वाया घालवताहेत का?

दर्यावर्दी
'कागा'चे नवे फोटो पाहिलेत का? पूर्वी डेकचं पुढचं टोक निमुळतं होतं, आता सरळ चौकोनी केलंय. डिसेंबर २०१८ मध्ये जपानच्या मंत्रिमंडळानं इझुमो आणि कागा या दोन हेलिकॉप्टरवाहू युद्धनौकांवरून एफ-३५बी (थोड्या धावेत उडणारं आणि सरळ खाली उतरणारं लढाऊ विमान) उडवायचं ठरवलं, त्यातलं हे काम. इझुमोचंही नाक असंच होणार आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकन मरीनचं विमान इझुमोवर उतरलं, २०२४ च्या शेवटी कॅलिफोर्नियाजवळ कागावर चाचण्या झाल्या, आणि यूट्यूबवर 'जपानची विमानवाहू नौका परतली' म्हणून नुसता जल्लोष.

मला यात जल्लोष करण्यासारखं काही दिसत नाही. ही जहाजं कशासाठी बांधली ते आधी बघा.

यांची पूर्वज म्हणजे १९७३ सालची 'हारुना'. तिच्यावर पुढे दोन तोफा आणि मागे तीन हेलिकॉप्टरं. ताफ्याचं गणित आठ जहाजं, आठ हेलिकॉप्टरं: तीन हिच्यावर, उरलेली पाच विनाशिकांवर एकेक. सोव्हिएत पाणबुड्या हुडकायच्या तर हेलिकॉप्टरसारखं हत्यार नाही. ते येऊन एका जागी हवेत थांबतं, केबलनं सोनार (आवाजावरून पाणबुडी हुडकणारं यंत्र) पाण्यात सोडतं, ऐकतं, सोनार वर ओढून घेतं आणि पुढच्या ठिकाणी जाऊन पुन्हा तेच. खालच्या पाणबुडीला पुढची बुडी कुठे पडणार याचा पत्ता नसतो. पण एक हेलिकॉप्टर चोवीस तास कामावर ठेवायचं तर पदरी तीन-चार लागतात. एक वर, एक परतीच्या वाटेवर, एक इंधन भरताना, एक दुरुस्तीला उघडून ठेवलेलं. म्हणजे हारुनाचा जीव एकाच हेलिकॉप्टरपुरता.

म्हणून २००९ मध्ये 'ह्युगा' आली. १९७ मीटर लांब, सलग डेक, बाजूला मनोरा. दिसायला विमानवाहू, पण अंगानं पक्की लढाऊ: १६ खणांचा उभा प्रक्षेपक, त्यात विमानवेधी आणि पाणबुडीवेधी अशी दोन्ही क्षेपणास्त्रं, स्वतःचे टॉर्पेडो, पुढे तळाशी मोठा सोनार. २०१५ ची 'इझुमो' २४८ मीटरची झाली, पाच हेलिकॉप्टरं एकाच वेळी हाताळणारी, पण तो प्रक्षेपक गेला, टॉर्पेडोही गेले. उरलं काय, तर जवळ आलेलं क्षेपणास्त्र पाडायला दोन फॅलँक्स तोफा आणि दोन सीरॅम क्षेपणास्त्रसंच. सगळी जागा हँगरला दिली. थोडक्यात, इझुमोची सगळी ताकद तिच्या हेलिकॉप्टरांत आहे. आता तीच बाजूला सारून तिथे जेट उभी करणार!

आडवातिडवा
साफ असहमत. नकाशा उघडा. क्युशूपासून तैवानजवळच्या योनागुनीपर्यंत हजारेक किलोमीटर बेटांची माळ आहे आणि त्या पट्ट्यात जपानी हवाई दलाचा लढाऊ विमानांचा तळ एकच, ओकिनावातलं नाहा. तो कुठे आहे हे चीनच्या क्षेपणास्त्र दलाला पाठ असेल. पॅसिफिकच्या बाजूला तर इवो जिमा सोडलं तर लढाऊ विमान उतरवण्यासारखी धावपट्टीच नाही. हलणारी धावपट्टी हवी होती, ती त्यांनी हातातल्या जहाजांवरच करून घेतली. नवी विमानवाहू बांधायला दहा वर्षं गेली असती.

आणि पाणबुड्या शोधायला हेलिकॉप्टरवाहू एकटीच आहे का? पी-१ गस्ती विमानं आहेत, विनाशिकांवर एसएच-६०के हेलिकॉप्टरं आहेत, स्वतःच्या वीसहून जास्त पाणबुड्या आहेत.

दर्यावर्दी
पी-१ हे प्रवासी विमानाच्या आकाराचं धूड. शत्रूची लढाऊ विमानं वर घिरट्या घालत असतील तिथे ते कसं जाणार?

आडवातिडवा
म्हणजे त्याला संरक्षण द्यायला एफ-३५ हवीत. तुम्हीच मागताय की राव!

नवा_खलाशी
मध्येच विचारतो. त्यांच्या घटनेत सैन्यच ठेवायचं नाही असं आहे ना? मग हे कसं चालतं?

दर्यावर्दी
कलम ९. सरकारचं म्हणणं, स्वसंरक्षणापुरतं बळ चालतं. १९८८ मध्ये तिथल्या संसदेत सरकारनं सांगितलं होतं की आंतरखंडीय क्षेपणास्त्रं, लांब पल्ल्याची बाँबफेकी विमानं आणि हल्ल्यासाठीची विमानवाहू नौका बाळगता येणार नाही. आताची पळवाट अशी की विमानं कायम जहाजावर राहणार नाहीत, गरजेपुरती येतील. विमानं हवाई दलाचीच, मुक्काम क्युशूतल्या न्युताबारूला. कागदावर जहाज अजूनही एस्कॉर्टच, म्हणजे ताफ्याची संरक्षक नौका.

आणि माझा आक्षेप नेमका इथेच आहे. जहाज एका दलाचं, वैमानिक दुसऱ्या दलाचे. रात्री, हलत्या डेकवर, पावसात उतरायचं ही अधूनमधून करायची गोष्ट आहे का?

वास्कोकर
गोव्यात दाबोळीजवळ वाढलोय. नौदलाच्या सी हॅरियर जेटच्या आवाजानं वर्गातलं शिकवणं थांबायचं, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क बजावतो.

दर्यावर्दी, तुम्ही आपल्या विमानवाहू 'विराट'ला कसं विसरलात? ती मुळात ब्रिटिशांची 'हर्मिस'. मोठी विमानं काढून घेऊन आधी तिला कमांडोंची हेलिकॉप्टरवाहू केली, मग पाणबुडीविरोधी कामाला लावली, आणि १९८० च्या सुमारास डेकच्या पुढच्या टोकाला विमानाला उसळी देणारा चढाव बसवून सी हॅरियर दिली. १९८२ मध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या फॉकलंड युद्धात तीच ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती, हॅरियर आणि सी किंग हेलिकॉप्टरं एकाच डेकवर. पुढे आपण घेतली आणि २०१७ पर्यंत वापरली. लांबी २२६ मीटर, म्हणजे इझुमोपेक्षा कमीच! तेव्हा जेट आलं की हेलिकॉप्टर गेलं, असं काही नसतं.

मला खटकतं ते वेगळंच. जपाननं चढाव बसवला नाही. सपाट डेकवरून तेवढ्याच धावेत विमान कमी वजन उचलतं, म्हणजे इंधन तरी कमी नाही तर शस्त्रं तरी. उतरतानाचं दुखणं आणखी वेगळं. सरळ खाली उतरायचं तर सगळा भार इंजिनाच्या जोरावर पेलायचा, आणि हवा गरम असली की जोर घटतो. हॅरियरवाल्यांना न वापरलेली शस्त्रं समुद्रात टाकावी लागतील ही धास्ती असायची. एफ-३५बीचं इंजिन फार दमदार आहे, पण ओकिनावाचा ऑगस्ट काही गोव्याच्या मे महिन्यापेक्षा मवाळ नाही.

दर्यावर्दी
वास्कोकर, फॉकलंडचं नाव काढलंत तर पूर्ण सांगा. वरून लांबचं बघणारं रडारचं विमान ताफ्याकडे नव्हतं. ब्रिटिश विनाशिका 'शेफील्ड'वर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं ते त्याच उणिवेपायी. मग घाईघाईनं सी किंगवर रडार बसवलं. इझुमोवर आज ती सोय कुठे आहे? जपानची ई-२डी रडार विमानं जमिनीवरून उडतात, या डेकवरून उडूच शकत नाहीत. आणि आडवातिडवा तर म्हणतात जमिनीवरचे तळ पहिल्याच दिवशी जाणार!

आडवातिडवा
नाहा धोक्यात म्हटलं, अख्खा जपान नाही. ई-२डी क्युशूहून येईल. शिवाय एफ-३५चं स्वतःचं रडार आणि माहिती वाटून देण्याची क्षमता अशी की १९८२ चं हॅरियर तिच्या पासंगालाही पुरणार नाही.

योकोहामावाली
सगळी पुरुषमंडळी जेटवर घसरली आहेत म्हणून लिहिते. लोकांसाठी जहाज खुलं ठेवतात त्या दिवशी इझुमोवर गेले होते. हँगरमधून डेकवर न्यायला विमानांच्याच लिफ्टवर उभं करतात. शे-दीडशे माणसं, कडेला आजी-आजोबा, बाबागाड्या, आणि अख्खी जमीनच वर सरकते. मागची लिफ्ट जहाजाच्या कडेला आहे, बाहेरच्या बाजूला भिंत नाही, त्यामुळे लांब विमानाचं शेपूट पाण्यावर लोंबकळलं तरी चालतं. पुढची डेकच्या मधोमध आहे, तिथे ही मुभा नाही. मोठी विमानं डोक्यात ठेवूनच हे जहाज आखलं असणार, असं मला त्याच दिवशी वाटलं. २०१८ चा निर्णय आकाशातून पडलेला नाही.

पण इथल्या लोकांना ही जहाजं आठवतात ती २०११ च्या त्सुनामीमुळे. ह्युगा तेव्हा किनाऱ्याजवळ उभी राहून मदत पोचवत होती. २०१३ मध्ये तिच्याच जातीची इसे फिलिपिन्सला वादळग्रस्तांसाठी गेली. २०१६ च्या कुमामोतो भूकंपात अमेरिकन ऑस्प्रे (हेलिकॉप्टरसारखी सरळ उतरणारी विमानं) ह्युगावर उतरून सामान नेत होते. इझुमोवर तर शस्त्रक्रियेची खोली आणि ३५ खाटा आहेत. डेक आणि हँगर मोकळे असले तरच हे जमतं.

खरी अडचण माणसांची आहे. २०२३ च्या आर्थिक वर्षात स्वसंरक्षण दलांची, म्हणजे इथल्या सैन्याची, भरती ठरवलेल्या आकड्याच्या जेमतेम निम्मी झाली. इझुमोवर साधारण ४७० माणसं लागतात. त्यांतच जेटचे मेकॅनिक, दारूगोळा सांभाळणारे, डेकवर विमानं फिरवणारे मिळवा. कुठून आणणार?

नवा_खलाशी
२०२४ मध्ये कुणीतरी योकोसुकात इझुमोवरून ड्रोन फिरवून व्हिडिओ टाकला होता, तो खरा असण्याची शक्यता जास्त आहे असं त्यांच्या मंत्रालयानंच सांगितलं. आधी त्याचं बघा म्हणावं!

दर्यावर्दी
योकोहामावाली, माणसांचा मुद्दा पटला, तो माझ्याच बाजूचा आहे. आता हिशोब करा. असली जहाजं चार: योकोसुकात इझुमो, ससेबोत इसे, माईझुरूत ह्युगा, कुरेत कागा. त्यातलं एखादं कायम गोदीत. विमानांसाठी दोन राखून ठेवली की पाणबुडीविरोधी कामाला उरली ह्युगा आणि इसे. त्यातली ह्युगा जपान समुद्राच्या बाजूला. इसेची डागडुजी निघाली तर दक्षिणेकडे काय करायचं?

आडवातिडवा
माईझुरूहून ह्युगा निघाली तर दोनेक दिवसांत ओकिनावाला पोचेल, तीस नॉटचं जहाज आहे ते. आणि राखून ठेवली हे तुमचे शब्द. जेट नसतील त्या महिन्यांत इझुमोवर हेलिकॉप्टरंच असणार, तीही चौदापर्यंत. वास्कोकर, चढाव न बसवण्याचं हेच कारण असेल का? तो बसवला की पुढच्या हेलिकॉप्टरांच्या जागा जातात.

वास्कोकर
असेलही. विराटवर चढावाच्या पट्ट्यात हेलिकॉप्टर उतरत नसे. पण मग एक ठरवा: अमेरिकन मरीनसारखं सपाट डेकवरून कमी पल्ल्यात भागवायचं असेल तर हवेत इंधन देणारं टँकर विमान हवं, आणि ते पुन्हा जमिनीवरूनच येणार.