म्युटेशन योगायोगाने होतं, पण टिकतं ते योगायोगाने नाही

लॅबवाली, रामदासपेठ
काल इतवारीकरांनी लिहिलं, "जीन बिघडणं (म्युटेशन) हा निव्वळ योगायोग. कोणत्या कॅन्सरमध्ये कोणतं जीन निघेल ते नशीब. तेव्हा पेशंटला खर्रा (चुन्यात घोटलेली सुपारी-तंबाखू) आणि सिगारेटचे टोमणे मारू नका आणि महागड्या जीन टेस्टही करू नका." टोमण्यांचं मान्य. बाकीचं वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पेशीला वाढीचा सिग्नल देणारं केरास नावाचं जीन घ्या. नशीबच असतं तर ते सगळ्या गाठींत सारखंच बिघडलेलं सापडलं असतं ना? स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये ते दहातल्या नऊ जणांत असतं, मोठ्या आतड्यात साधारण 40 टक्क्यांत, आणि गालाच्या कॅन्सरमध्ये क्वचितच. तिथे त्याच घराण्यातलं एचरास दिसतं, मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये एनरास. बिघाड कुठेही होतो, तुमच्या-माझ्या अंगात आत्ताही होत असेल, पण त्या पेशीला त्याचा फायदा झाला तरच ती बाजूच्या पेशींना मागे टाकून वाढते, नाहीतर मरते किंवा नुसती पडून राहते. आणि फायदा होणार की नाही हे त्या अवयवात आधीपासून कोणते सिग्नल चालू आहेत त्यावर ठरतं.

शिवाय बिघाड करणाऱ्याचीही खूण राहते. केरासपासून बनणाऱ्या प्रोटीनची बारावी जागा घ्या. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसात तिथे जी12सी (बाराव्या जागी जी या घटकाऐवजी सी) जास्त, कारण धुरातली रसायनं डीएनएतल्या जी अक्षराच्या जागी टी आणतात. स्वादुपिंडात जागा तीच, पण जी12डी जास्त, जी12सी एक-दोन टक्के. बुरशी लागलेल्या शेंगदाण्या-मक्यातलं अफ्लाटॉक्सिन लिव्हरमध्ये गाठ रोखणाऱ्या टीपी53 या जीनच्या 249 व्या जागेवरच घाव घालतं. याला नशीब म्हणता?

इतवारीकर
ताई, 2015 चा टोमासेटी-वोगेलस्टाइनचा पेपर वाचला का? ज्या अवयवात स्टेम सेल (नव्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी) जास्त वेळा विभागतात तिथे कॅन्सर जास्त, म्हणजे मोठा वाटा योगायोगाचा. आणि खुणांचं म्हणाल तर मेलानोमात जवळपास निम्म्या लोकांत बीराफ या जीनमधला व्ही600ई बिघाड निघतो. डीएनएत उन्हाची खूण म्हणजे सी च्या जागी टी. व्ही600ई मध्ये टी च्या जागी ए होतो. मग उन्हाने केलं कुठे?

लॅबवाली, रामदासपेठ
तो पेपर कोणत्या अवयवात कॅन्सर जास्त होतो यावर आहे, कोणतं जीन निवडलं जातं यावर नाही. दोन वेगळे प्रश्न तुम्ही एकाच पोत्यात भरले.

बीराफचा मुद्दा बरोबर आहे, तेवढं देते. पण तो माझ्याच बाजूने जातो. उन्हाची नेहमीची खूण नसूनही जवळपास निम्म्या मेलानोमांत तोच बिघाड, म्हणजे त्या पेशीला तोच सोयीचा पडतो. अंगावरच्या बहुतेक साध्या तिळांतही व्ही600ई असतं आणि तीळ वर्षानुवर्षं तसाच राहतो, कारण एकट्या बिघाडाने पेशी पुढे जात नाही. आणि मेलानोमात चालणारी बीराफची गोळी आतड्याच्या कॅन्सरला एकटी दिली तर चालत नाही, 2012 मध्ये कारणही कळलं. बीराफ दाबलं की तिथे ईजीएफआर हे वाढीचा सिग्नल देणारं दुसरं प्रोटीन उसळतं. जीन तेच, बिघाड तोच, घर वेगळं.

महालची सून
मी डॉक्टर नाही. सासऱ्यांना स्वादुपिंडाचा होता. रिपोर्टवर केरास पॉझिटिव्ह. 2021 मध्ये केरासवर गोळी आल्याची बातमी वाचली आणि आम्ही सगळे वेड्यासारखे धावलो, गावाकडची जमीन विकायचीही बोलणी झाली. ती गोळी फक्त जी12सी साठी आहे आणि यांचं जी12डी आहे, ही एक ओळ आम्हाला कोणी सांगितली नाही, शेवटी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितली. इतवारीकर, टेस्ट करू नका म्हणता तेव्हा आमच्यासारख्यांचा विचार करा. टेस्ट झाली होती, समजावणारं कोणी नव्हतं.

सक्करदऱ्याचा
तुम्ही जी12 जी13 करून राहिले, इकडे चौकाचौकात खर्रा घोटून राहिले त्याचं काय? माझ्या मोठ्या भावाचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं, वरण नळीने जायचं. गेला तो. गुटखाबंदी 2012 ची, खर्रा मात्र प्लास्टिकच्या पन्नीत रोज मिळतो, शाळेच्या बाजूलेही. त्याच्यावर लिहा ना कोणीतरी.

हिंगण्याचा
भाऊ, दुःख समजतं. पण दोष तंबाखूचा. मी नुसती सुपारी खातो, तंबाखू शिवत नाही. प्रत्येक गोष्टीले खर्रा म्हणून झोडपायची फॅशन झाली आहे.

सक्करदऱ्याचा
फॅशन? माझ्या भावाच्या चितेले फॅशन म्हणता? समोर येऊन म्हणा एकदा.

लॅबवाली, रामदासपेठ
हिंगणेकर, सुपारी एकटीच पुरेशी आहे. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्थेने 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं. तोंड आखडतं ते मुख्यतः सुपारीनेच. आणि सक्करदरावाल्यांचा खर्र्याचा प्रश्न मूळ विषयातलाच आहे. गाल-हिरडीच्या कॅन्सरचा आपल्याच देशातल्या पेशंटांवरचा जीनोम अभ्यास 2013 ला आला, त्यात टीपी53 सोबत कॅस्प8, नॉच1, फॅट1, एचरास ही जीन्स पुन्हा पुन्हा बिघडलेली निघाली. कॅस्प8 पेशीला मरायला लावतं. रोज चुना-सुपारीने सोललेल्या, जखम भरत राहणाऱ्या गालात मरायला नकार देणारी पेशी जिंकणार, असं मला वाटतं.

हिंगण्याचा
2004 चं माहीत नव्हतं. शब्द चुकीचा गेला, माफ करा भाऊ. पण कामगाराले बारा तासांच्या शिफ्टमध्ये काय खायचं ते तुम्ही एसी लॅबमधून सांगू नका.

इतवारीकर
ठीक आहे, निवड होते हे मानतो. पण टीपी53 दुरुस्त करणारं आपल्याकडे एक तरी मंजूर औषध आहे का? खर्रावाल्याच्या रिपोर्टवर तेच येणार. मग त्याने जीन टेस्टला पैसे कायले घालायचे?

लॅबवाली, रामदासपेठ
नाही, टीपी53 वर आपल्याकडे नाही. गालाच्या गाठीला मीही सरसकट टेस्ट सांगत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरला सांगते, ईजीएफआरमध्ये बिघाड निघाला तर गोळी आहे. आणि सूनबाई, पुढे कोणाचाही रिपोर्ट हातात आला तर नुसत्या केरास पॉझिटिव्हवर थांबू नका, बारावी जागा की तेरावी आणि पुढचं अक्षर कोणतं ते लिहून मागा.

सक्करदऱ्याचा
म्हणजे आमच्यासाठी गोळी नाही. मग पन्नी बंद करायचं निवेदन मी लिहून आणतो, इतवारीकर, सही करणार का?