संपाचा हक्क आहे, पण उरलाय किती?

वर कुणीतरी म्हटलंय की युनियन करायचा हक्क घटनेत आहे म्हणजे संपाचाही आलाच. नाही हो, सुप्रीम कोर्टाने १९६१ सालीच बँक कर्मचाऱ्यांच्या केसमधे सांगितलंय की त्यात संप येत नाही, आणि २००३ ला तामिळनाडूच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर कायदेशीर सोडा, नैतिक हक्कही नाही इथपर्यंत गेले, जे मला अजिबात पटत नाही. जो काही हक्क आहे तो कायद्याने दिलेला, म्हणून कायद्यानेच आवळता येतो.

आता नवीन औद्योगिक संबंध संहितेत, म्हणजे कामगार-मालक वादांच्या कायद्यात, काय केलंय बघा. आधी १४ दिवसांची नोटीस फक्त रेल्वे, वीज, पाणी असल्या लोकोपयोगी सेवांना लागायची, आता साध्या वर्कशॉपमधल्या कामगारांनाही लागणार. नोटीस दिली की समेटाची बोलणी सुरू होणार, ती चालू असताना आणि संपल्यावर ७ दिवस संप करायचा नाही, मग प्रकरण ट्रायब्युनलकडे, म्हणजे कामगार-मालक वाद निकाली काढणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, गेलं की ते चालेपर्यंत आणि वर ६० दिवस परत बंदी. मग नियमात बसणारा संप करायचा कधी? मालकाने कामबंदी केली, म्हणजे टाळेबंदी, तर तिलाही नोटीस लागते हे खरंय, पण मालकाची चूल महिन्याच्या पगारावर पेटत नाही ना.

आणि निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह टाकली तरी तो संपच धरणार. बेकायदा ठरला तर पूर्वी दंड ५० रुपयांपर्यंत होता, आता १ हजार ते १० हजार, किंवा महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही.