मदत हवी आहे: सायप्रसच्या लेफ्कारा गावातलं हातचं भरतकाम कसं ओळखायचं?

धागाकर्ती

नवरा बोटीवर असतो. त्याच्या कंपनीचं ऑफिस लिमासोलला आहे आणि ऑक्टोबरमध्ये तिथे त्याचं चार दिवसांचं ट्रेनिंग आहे. या वेळी मीही सोबत जाते आहे. त्यातला एक दिवस पूर्ण मोकळा मिळेल आणि तो मला लेफ्कारा गावासाठी ठेवायचा आहे.

कारण माझी आई. ती सांगलीला मुलींच्या शाळेत ३१ वर्षं शिवण आणि भरतकाम शिकवत होती. हेमस्टिच, कटवर्क, काजटाका हे शब्द मी बाराखडी शिकायच्या आधीपासून ऐकत आले. लेफ्काराच्या कामाचा फोटो तिने कधीतरी एका मासिकात पाहिला होता, त्याचं पिवळं पडलेलं कात्रण अजून तिच्या नमुन्यांच्या वहीत चिकटवलेलं आहे. ती आता ७६ वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत, सुई जपूनच धरते. तिच्या हातात एकदा खरा नमुना ठेवायचा आहे.

मागच्या वर्षी एका समुद्रकाठच्या बाजारातून मी तिला टेबलक्लॉथ आणला होता. दुकानदाराने हातचं काम म्हणून शपथेवर सांगितलं होतं. आईने तो उलटा केला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि नीट घडी घालून ठेवला. "छान आहे गं," एवढंच म्हणाली. संध्याकाळी मी स्वतः उलट बाजू पाहिली, तर खालचा मशीनच्या बॉबिनचा दोरा सरळ दिसत होता. मला वाईट वाटू नये म्हणून ती बोलली नाही, आणि मला त्याचंच जास्त लागलं.

म्हणून विचारते. खरं काम ओळखायचं कसं? २००-२५० युरोत काय येईल? लिमासोलहून जायचं कसं? जे तिथे राहिलेत किंवा जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खडीसाखर

मी सायप्रसच्या राजधानीत, निकोसियाला, सहा वर्षं काढली आहेत, लेफ्काराला निदान दहा-बारा वेळा गेले असेन. तुमच्या आईंना शोभेल अशीच वस्तू निवडली आहे तुम्ही.

गावं दोन आहेत, पानो म्हणजे वरचं आणि कातो म्हणजे खालचं लेफ्कारा. दुकानं वरच्या गावात. या कामाला तिथे 'लेफ्कारितिका' म्हणतात आणि २००९ साली युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात चार गोष्टी एकत्र येतात: हेमस्टिच (कापडातले दोरे काढून केलेली जाळी), कटवर्क (कापड कापून केलेली नक्षी), सॅटिन टाक्याने भरलेले आकार आणि सुईने विणलेली किनार. सगळं भौमितिक असतं. फुलापानांच्या वेली, रंगीत गुलाब असं काही दाखवायला लागले तर पुढच्या दुकानात जा. रंग पांढरा, मोतिया किंवा तपकिरी, कापड लिनन. नागमोडी त्रिकोणांची एक ओळ दिसेल, तिला 'पोतामोस' म्हणजे नदी म्हणतात. ती ओळ नीट बघा, कारण हाताचा कस तिथे कळतो. त्रिकोणांची टोकं कोपऱ्यावर वळताना कशी बसवली आहेत ते पाहा.

आता मुख्य मुद्दा. आईंनी जे केलं तेच करा, कापड उलटं करा. चांगल्या लेफ्कारितिकाच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात, गाठी आणि दोऱ्याची टोकं आत दडवलेली असतात. मग उजेडासमोर धरा. हातच्या जाळीत कापडातलेच दोरे मोजून काढलेले असतात, त्यामुळे उरलेले दोरे जाळीतून सलग पलीकडे जाताना दिसतात. मशीनच्या कामात भोक पाडून त्याच्या कडेवर गच्च टीप मारलेली असते, ती हाताला जाड आणि कडक लागते. आणि हातच्या कामात दोन चौकोन कधीही तंतोतंत सारखे नसतात.

दर्यावर्दी

वहिनी, मीही बोटीवरचाच, लिमासोलला बऱ्याचदा येणं होतं. जाण्याबद्दल सांगतो. लिमासोल-निकोसिया महामार्गावरून लेफ्काराचा फाटा लागतो, तिथून आत डोंगरात. गाडीने पाऊण तास धरा. तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी चालवतात, त्यामुळे त्रास होत नाही. बसच्या भरवशावर राहू नका, फेऱ्या मोजक्याच आहेत. सकाळी लवकर पोहोचा. दुपारी गाव झोपतं आणि पर्यटकांच्या बसगाड्याही त्याच सुमाराला येऊन थडकतात.

वेळ उरला तर महामार्गावरून निकोसियाच्या दिशेला थोडं पुढे कोर्नोस गाव आहे. तिथे बायका लाल मातीची भांडी करतात. माझ्या आईसाठी मी छोटा माठ आणला होता, कपड्यांत गुंडाळून. अजून शाबूत आहे.

सोनचाफा

लेफ्काराला चांदीचं तारकामही जुनं आहे, ते बघायला विसरू नका. मला तिथे एक वस्तू दिसली आणि मी दारातच थांबले: लांब मानेची, वर बारीक छिद्रं असलेली चांदीची गुलाबदाणी! ते तिला 'मेरेहा' म्हणतात आणि लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडतात. आपल्या हळदीकुंकवाच्या तबकात ठेवली तर कोणी परकी म्हणणार नाही.

एक सावधगिरी. प्रत्येक दुकानात सांगतील की लिओनार्दो दा विंची १४८१ साली इथे आला आणि मिलानच्या कॅथेड्रलसाठी वेदीवरचं वस्त्र घेऊन गेला. ही दंतकथा आहे, पुरावा नाही. ऐकून घ्या, पण त्या कथेपायी भाव चढवू देऊ नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. खडीसाखर, एक शंका आहे. बाहेरच्या देशातून आलेलं, पण हातानेच केलेलं काम तिथे विकतात असं ऐकलं. ते उलट बाजूवरून कसं कळणार?

खडीसाखर

खरं सांगायचं तर नेहमी कळत नाही. म्हणून वस्तूआधी माणूस बघा. जिथे बाई स्वतः दाराशी काम करत बसली आहे, तिथे आत जा. "यातलं तुम्ही केलेलं कोणतं?" असं सरळ विचारा. करणारी बाई लगेच उठून कपाटातून काढते, किती महिने लागले, कोपरा कोणी शिकवला, सगळं सांगते. नुसतं विकणारा विषय बदलतो. आधी गावातलं भरतकाम आणि चांदीकामाचं संग्रहालय बघून घ्या, जुन्या पात्सालोस घराण्याच्या वाड्यात आहे. तिथे जुने नमुने पाहिले की नजर तयार होते, मग दुकानांत फसवणूक अवघड.

तुमच्या बजेटमध्ये पूर्ण टेबलक्लॉथ येणार नाही आणि कोणी देतो म्हणाला तर घेऊ नका. लहान चौकोनी रुमाल किंवा अरुंद पट्टी घ्या, पण बारीक कामाची. घासाघीस फार करू नका. मी एकदा तिथे १५ युरो कमी करून घेतले होते. त्या आजींची बोटं बघितल्यावर मला ते पैसे परत द्यावेसे वाटले.

आणताना घडी घालू नका. पुठ्ठ्याच्या नळीवर जुन्या मलमलीसकट गुंडाळा.

धागाकर्ती (नोव्हेंबर)

जाऊन आले. आधी संग्रहालय पाहिलं, ते फार उपयोगी पडलं. मग चार दुकानांतून काही न घेता बाहेर पडले. पाचव्या ठिकाणी एक आजी दारात खुर्ची टाकून काम करत होत्या, आईच्याच वयाच्या. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. मी आईच्या वहीचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून तो कितीतरी वेळ पाहिला, मग आत जाऊन एक रुमाल आणला आणि हातात देताना आधी उलटी बाजू वर ठेवली. १८० युरोंना घेतला. एक पैसा कमी करा म्हटलं नाही.

निघताना त्यांनी शिकवण्यासाठी ठेवलेला एक अर्धवट तुकडाही दिला, पोतामोसची सुरुवात केलेला. त्याचे पैसे घेतले नाहीत.

आईने रुमाल खिडकीपाशी नेला. उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मग म्हणाली, "कोपऱ्यावर हिने दोरा कुठे लपवला ते मला सापडत नाहीये." दुसऱ्या दिवसापासून ती भिंग घेऊन तो अर्धवट तुकडा पुढे भरते आहे. दिवसाला अर्धा तास, डोळे दुखले की थांबते.

आता पुन्हा मदत हवी आहे. तिला स्वतःचा एक रुमाल करून बघायचा आहे. सांगलीत भरतकामाचं मॅटी कापड मिळतं, पण ते फार जाड पडतं. उभे-आडवे दोरे सारख्या जाडीचे, मोजता येतील असं शुद्ध लिनन पुण्यात किंवा कोल्हापुरात मीटरवर कुठे मिळेल? अर्धा मीटर पुरेल.